पानवेलीतली भुताळी

१८ नोव्हेंबर

अणुवीज केंद्रात चौतीस वर्षं शिफ्टची नोंदवही लिहिली. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला घेतलं, कारण घरात नवीन गोष्ट सुरू झाली आहे आणि तिची नोंद असावी असं वाटतं.

दुपारी साडेतीनला ललित आला. ललित म्हणजे माझी बायको मंजुळा हिचा धाकटा भाऊ, सफाळ्याकडचा. बरोबर त्याची मुलगी मेघाली. वय सतरा, बारावी सायन्स. एक बॅग, एक दप्तर. ललित बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "भाऊजी, परीक्षा होईपर्यंत हिला ठेवून घ्या. कॉलेज बोईसरलाच आहे, इथून जवळ पडेल."

"ठेवतो."

"का म्हणून नाही विचारणार?"

"सांग."

त्याने मुलीला विहिरीकडे पाठवलं आणि हळू आवाजात सांगितलं. फेब्रुवारीत शेजारच्या दर्पणने हिच्या कुत्रीला काठीने मारलं. ही रागाने त्याच्या आंब्याच्या कलमाखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ह्याला एक आंबा देऊ नकोस. सकाळी झाडाखाली सगळ्या मोहोराचा सडा. दोन दिवसांत पानंही गेली. तेव्हापासून गावात हिला भुताळी म्हणतात. कुणाची म्हैस आटली तरी ही, कुणाची मोटरसायकल पंक्चर झाली तरी ही.

"करपा पडला असेल," मी म्हटलं.

"पूर्ण वाडीत एकाच झाडावर?"

"पडतो कधी कधी."

"भाऊजी, आणखी एक काही घडलं ना, तर मी हिला बुधा भगताकडे नेणार आहे. त्याच्याशी बोलून ठेवलंय. मग परीक्षा नाही, काही नाही, घरात बसेल. तुमच्याकडे कुणी येत नाही, जात नाही, म्हणून इथे आणली."

हे खरं आहे. २९ जुलैला मंजुळा गेली, दिवस झाले, त्यानंतर फारसं कुणी येत नाही. मलाही बोलायला सुचत नाही, मग लोक उठून जातात.

आंब्याच्या त्या सकाळपासून, म्हणजे नऊ महिने, मेघाली बोललेली नाही. तिने वही पुढे केली. लिहिलं होतं, "आतोबा, मी कुठे झोपू?" मी पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, "आत्याच्या खोलीत." मग लक्षात आलं की मला तोंडाने सांगता आलं असतं.

२१ नोव्हेंबर

सहज मोजलं. काल दिवसभरात या घरात अकरा वाक्यं बोलली गेली. नऊ माझी, त्यातली चार मांजराला. उरलेली दोन टीव्हीवर चुकून बटण दाबलं गेलं तेव्हाची.

मुलगी कामाची आहे. वरणाला फोडणी बरी देते. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

२४ नोव्हेंबर

वाडीबद्दल लिहायला हवं. सहा गुंठ्यांत मंजुळाने लावलेल्या पानवेली, एकूण २१२. मी त्यात कधी फार लक्ष घातलं नाही. ती गेल्यावर पाण्याला टायमर बसवला, मातीचा ओलावा दाखवणारं यंत्र लावलं. दोन्ही उत्तम चालतात. तरी ऑगस्टपासून ७७ वेली वाळल्या.

आज पहाटे मेघाली वाडीत दिसली. वेलींत चपला घालून जायचं नसतं हे तिला माहीत होतं, फाटकाशी काढून ठेवल्या होत्या. ४१ नंबरच्या वेलीपाशी उकिडवी बसून ओठ हलवत होती. आवाज नव्हता. ती वेल वाळलेल्यांत धरलेली.

संध्याकाळी पाहिलं तर बुडातून कोंब आलेला. मोजला, ९ सेंटिमीटर.

२५ नोव्हेंबर

सकाळी तोच कोंब २३ सेंटिमीटर. पट्टी बदलून पुन्हा मोजला. २३. वेल एका रात्रीत एवढी वाढत नाही. कालचं माप चुकलं असणार.

२६ नोव्हेंबर

३८ सेंटिमीटर. मापं घेणाऱ्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत. बोईसरला चष्म्याच्या दुकानात गेलो. नंबर तोच आहे म्हणाले.

१ डिसेंबर

देवकूबाय मासे घेऊन आली. ती आठवड्यातून दोनदा येते, पण आज पायरीच्या खालीच थांबली.

"किसनभाव, ती पोरगी हाय नं घरात?"

"आहे."

"मंग तिला सांग, माज्या शेवग्याकडं बगू नको. आदीच तीन वरसं शेंग नाय. आता झाड पन जायचं."

मेघाली दाराआडून ऐकत होती. बाहेर आली, वहीत काहीतरी लिहून देवकूबायपुढे धरलं. देवकूबाय दोन पावलं मागे सरकली. "काय लिवलंय? मला वाचता येत नाय. शाप बिप हाय का?"

मी वाचून दाखवलं. "शेवग्याच्या बुडात मासे धुतलेलं खारट पाणी टाकू नका. त्याला जळजळतं."

देवकूबायने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी मागल्या दारी मासं धुते ते हिला कुनी सांगितलं?"

"वासावरून ओळखलं असेल," मी म्हटलं.

"अर्धा कोस लांबून?" असं म्हणून गेली. जाताना चार बोंबील जास्त ठेवून गेली. भीतीने की कशाने, कळलं नाही.

१२ डिसेंबर

आज एक कटू काम करावं लागलं.

शेजारच्या वाडीतल्या माई फाटकाशी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या आळीत पानवेलीबद्दल शेवटचा शब्द माईंचा. म्हणाल्या, "किसन, पोरगी वेलीत गेलती सकाळी."

"हो, रोज जाते."

"आज कशी गेली? काल दुकानातून काळ्या पिशवीत काय आनलं ते मी बगितलं नाय व्हय? बाईच्या चार दिसांत पानवेलीत पाय ठेवायचा नसतो. वेली जळतील. तुज्या जळल्या की माज्या जळतील, मदी कुंपनच हाय नुसतं."

नियम आहे हे खरं. मंजुळाने तो पाळला. तिचे चार दिवस असले की वाडी मी बघायचो. त्यासाठी ड्यूटी बदलून घ्यावी लागे, म्हणून १९९१ पासूनच्या खिशातल्या डायऱ्यांत नोंदी आहेत. आज काढून पाहिल्या. जून १९९९ मध्ये दोनदा. डिसेंबर २००४ मध्ये तीनदा, तेव्हा साहेब फार वैतागले होते. तिच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत नोंदी आहेत. मला बायकांच्या तब्येतीचं फार कळत नाही, म्हणून कधी विचारलं नाही. ती कुंपणाबाहेर पाट टाकून बसायची आणि सांगायची, तिसऱ्या ओळीतली पाचवी सुटलीय, बांधा. मी केळीच्या सोपटाने बांधायचो. गाठ चुकली की हसायची. असे ते चार दिवस जात.

तर, फाटकाला कुलूप लावलं. कागद चिकटवला, "चार दिवस आत जाऊ नये." समोर सांगायला जमलं नाही.

१४ डिसेंबर

मेघालीने कागद वाचला त्याला दोन दिवस झाले. जेवते, पण ताट घेऊन खोलीत जाते. वही माझ्यापुढे येत नाही.

वेलींची पानं मान टाकल्यासारखी लोंबत आहेत. सगळ्यांची. ओलावा ६२ टक्के, म्हणजे योग्य. टायमर योग्य. कारण सापडत नाही.

१६ डिसेंबर

आज ती बोलली.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. मागून आवाज आला. नऊ-दहा महिने न वापरलेला आवाज, जरा घोगरा. "आतोबा, तुम्ही पण घाबरलात मला?"

चहा सांडला. म्हटलं, "नाही. नियम आहे. तुझी आत्यासुद्धा पाळायची."

"आत्या कधीच पाळायची नाही."

"तीस वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे."

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती इथे यायची तेव्हा आत्या तिला भल्या पहाटे वाडीत घेऊन जायची. कुठलेही दिवस असोत. सगळं काम उरकायची. मग मी ड्यूटीवरून यायच्या वेळी पाट घेऊन कुंपणाबाहेर बसायची. "वेलींना काही होत नसतं, असं आत्या म्हणायची. पण त्याशिवाय तुम्ही वाडीत येत नव्हतात. आत्या म्हणायची, तुझा आतोबा घरात बोलत नाही, वेलीत मात्र थोडं बोलतो."

मी म्हटलं, "पण डिसेंबर २००४ मध्ये तीनदा होतं."

मेघाली हसली. "तेव्हा तुमचं कसलं तरी मोठं शटडाउन होतं म्हणे. महिनाभर फक्त झोपायला घरी यायचात."

यावर आज जास्त लिहीत नाही. कुलूप काढलं. किल्ली तिला दिली. दुसरी किल्ली होती, तीही दिली.

१७ डिसेंबर

पानं सरळ झाली. ओलावा ६२ टक्केच.

वाडीत दोन तास बसलो. काही काम नव्हतं.

२० डिसेंबर

कॉलेजच्या सरांचा फोन. म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण सरावाच्या प्रॅक्टिकलला तोंडी प्रश्नांची उत्तरं लिहून देते. आम्ही चालवून घेतो. सहा फेब्रुवारीला जीवशास्त्राला बाहेरचे परीक्षक येतील, ते चालवून घेणार नाहीत.

मेघालीला विचारलं, माझ्याशी बोलतेस, तर तिथे का नाही? म्हणाली, "इथे घरात झाडं नाहीत. बाहेर ती ऐकतात. प्रयोगशाळेत खिडकीभर कुंड्या आहेत. चुकून काही निघालं तोंडातून तर? दर्पणकाकांनी मारलं कुत्रीला. त्यात आंब्याचा काय दोष होता?"

मला वाटलं होतं तिला लोकांची भीती वाटते. तिला स्वतःचीच वाटते.

झाडं ऐकतात की नाही यावर माझं मत वेगळं आहे. पण भीती कमी करायची रीत मला एकच माहीत आहे, ती सांगितली. म्हटलं, "आमच्याकडे मोठे व्हॉल्व्ह असायचे. नवीन मुलगा आला की भीतीने एकतर पूर्ण बंद ठेवायचा, नाहीतर एकदम पूर्ण उघडायचा. नुकसान दोन्हींत. तू फेब्रुवारीत एकदम उघडलास, तेव्हापासून बंद ठेवला आहेस. एक टक्का उघडायला शिकायचं. मग दोन. प्रत्येक वेळी काटा बघायचा."

"काटा कुठला?"

"पानं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

२३ डिसेंबर

पहिला सराव. सकाळी सात, ४१ नंबरची वेल. मेघाली अगदी हळू म्हणाली, "एक पान."

मी तेव्हा चष्मा पुसत होतो, त्यामुळे नीट पाहिलं असं म्हणता येणार नाही. पण चष्मा लावल्यावर शेंड्याला नवीन उघडलेलं पान होतं आणि ते एकच होतं.

"काटा बरोबर," मी म्हटलं. ती खाली बसून रडली आणि मग चहा मागितला.

२४ डिसेंबर

देवकूबाय आज पायरी चढून थेट ओट्यावर. पदरात शेवग्याच्या फुलांचा गुच्छ. "ह्ये बग. भाजी करून खा दोगं. नि पोरीला सांग, जाता येता बगत जा माज्या झाडाकडं."

"परवा बघू नको म्हणालीस."

"त्या परवाला तीन हप्ते झालं. तू काय लिवून ठेवतोस काय समदं?"

लिहून ठेवतो हे सांगितलं नाही.

४ जानेवारी

रोज संध्याकाळी वाडीत तोंडी परीक्षा घेतो. मी परीक्षक, पाटावर. ती वेलींच्या ओळीत उभी. पाच टक्क्यांवरून आता तीस टक्के आवाज. प्रश्न पुस्तकातून काढतो. आज विचारलं, पर्णरंध्रं दिवसा उघडी असतात की बंद? ती घाईत म्हणाली, बंद. तिच्या मागच्या ओळीतली सगळी पानं एकदम फिरली आणि तिने लगेच उत्तर बदललं.

वारा पश्चिमेचा होता.

मीही बोलतो बराच. प्रश्न विचारायचे तर बोलावं लागतं. काल मंजुळाबद्दल एक गंमत सांगितली, त्यावर मेघालीने तीन सांगितल्या. मंजुळा माझ्या चालण्याची नक्कल करायची हे मला माहीत नव्हतं.

१९ जानेवारी

आता वाळलेल्या ७७ पैकी ७० वेली फुटल्या आहेत. त्यावरूनच अडचण उभी राहिली.

कुंपणापलीकडे माईंच्या वेली पिवळ्या पडत चालल्या आहेत. मेघाली कालच म्हणाली, तिथे मुळांत पाणी तुंबतंय, चर काढायला हवा. मी माईंना सांगायला गेलो तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तुज्या मेलेल्या उठल्या नि माज्या जित्या मरायला लागल्या. ओढून घेतला तिनं जीव माज्या वेलींचा. मला काय दिसत नाय?"

"माई, चर काढला तर..."

"माज्या वाडीत मला चर शिकवतोस? तू?"

संध्याकाळी ललितचा फोन. माईंनी त्याला कळवलं होतं. "भाऊजी, मी सांगितलं होतं, आणखी एक काही घडलं तर. रविवारी येतोय. बुधाला घेऊन. तिची बॅग भरून ठेवा."

मेघालीने विचारलं, बाबा काय म्हणाले? मी सांगितलं. तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नेलं तर परीक्षा गेली."

 रात्री तिचं हॉल तिकीट माझ्या कपाटात ठेवलं, केंद्राच्या जुन्या ओळखपत्राखाली, आणि कपाटाला किल्ली लावली.

२६ जानेवारी

सविस्तर लिहितो.

शाळेतलं झेंडावंदन उरकून आलो तोच ललितची इको गाडी दारात. त्यातून ललित आणि बुधा भगत उतरले. बुधा म्हणजे सत्तरीचा बारीक माणूस, पांढरी टोपी, खांद्यावर झोळी. मला कुणीतरी भीतीदायक वाटेल असं वाटलं होतं. तो उतरल्यावर पहिलं म्हणाला, "चा पाजा आदी. ह्या गाडीत उलटी व्हायची बाकी होती."

माई कुंपणाजवळ येऊन उभ्या. देवकूबाय टोपली घेऊन मागे. तिला मासे विकायला दुसरी आळी नव्हती बहुतेक.

ललितने मेघालीचा हात धरला. "बॅग कुठाय?"

मी दारात उभा राहिलो. मला भांडता येत नाही. म्हटलं, "सहा तारखेला तिची जीवशास्त्राची प्रॅक्टिकल आहे. तोपर्यंत ती कुठेही जाणार नाही."

"भाऊजी, तुम्ही मध्ये पडू नका. बाप मी आहे."

"आहेस. पण हॉल तिकीट माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात."

ललित माझ्याकडे बघतच राहिला. एवढी लांब वाक्यं त्याने माझ्याकडून कधी ऐकली नव्हती.

माई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "चार दिसांत वेलीत गेली ती. तिथनंच समदं बिगडलं."

मी म्हटलं, "माई, मंजुळा तीस वर्षं त्या चार दिवसांत वेलीत जात होती. मला आत्ता कळलं. तिच्या वेली तुम्हीच सगळ्या आळीला दाखवायचात, बघा पानवेल कशी असावी म्हणून."

बुधा चहा पीत होता. त्याने बशीतून मान वर केली. "माई, तुमी पाळलात नं पन?"

माई कुंपणाची काठी नीट करायला लागल्या.

"माई?"

"माजा नवरा गिरनीत मुंबयला," माई म्हणाल्या. "पोरं लहान. कोन घालनार व्हतं पानी? तू?"

देवकूबाय टोपली खाली ठेवून हसायला लागली. मग बुधा हसला. ललितचंच फक्त तोंड तसंच होतं. म्हणाला, "ते सोडा. बुधा, हिच्या अंगात काय आहे ते काढ आणि मला मोकळा कर."

बुधाने मेघालीला समोर बसवलं. नाडी पाहिली, डोळे पाहिले, तिला घेऊन वाडीत एक फेरी मारली. वेलींजवळ जाऊन कान लावल्यासारखं केलं. परत येऊन ललितसमोर बसला.

"हिच्या अंगात काय नाय."

"मग आंबा कसा गेला?"

"हिनं सांगितलं म्हनून गेला. पन अंगात काय नाय. ही हायेच तशी. भूत असतं तर काढलं असतं मी. पोरीतनं पोरगी कशी काढू?"

"मग मी काय करू?"

"साळंत घाल."

"शाळेतच आहे ती. बारावीला."

"मंग झालं की," बुधा म्हणाला आणि आणखी चहा मागितला. दुसरा कप संपवून मेघालीला म्हणाला, "माज्या घरामागं दुधी हाय. फूल येतं नि गळतं. काय करू?"

मेघालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तीस टक्के."

ती अंगणात, सगळ्यांसमोर, चिंचेखाली उभी राहून बोलली. "नुसती नर फुलं येत असतील. शेंडा खुडा. मग फांद्या फुटतील, त्यांना मादी फुलं येतात." चिंचेचं एक पानही हललं नाही. मी काट्याकडे बघत होतो.

ललितने तिचा आवाज फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ऐकला. त्याने तिचा हात सोडला होता, तो पुन्हा धरला, पण या वेळी ओढला नाही. "बोलतेस?" एवढंच म्हणाला. मग नाक शिंकरायला विहिरीकडे गेला.

जाताना बुधाने पानांची एक चवड घेतली. माईंना सांगून गेला, पोरगी सांगते तिथं चर काढा. मग मेघाली कुंपणाला टेकून पलीकडच्या वेलींशी काहीतरी बोलली. माई म्हणाल्या, "मोठ्यानं बोल. माज्याबद्दल काय सांगतेस ते मला पन कळू दे."

३१ जानेवारी

माईंच्या वेलींना नवीन शेंडे. त्या आळीत सांगत आहेत की खत बदललं.

६ फेब्रुवारी

सकाळी नऊला मेघालीला कॉलेजात सोडलं आणि फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. अडीच तास. मला स्वतःच्या कुठल्याही परीक्षेला एवढी धाकधूक झाली नव्हती.

बाहेर आली तेव्हा बरोबर चार मुली होत्या आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मला जे कळलं ते असं. सगळ्यांना सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नळी दाखवायची होती. पाऊण तास झाला, वीस जणांत एकाचाही कण रुजेना. परीक्षक घड्याळ बघायला लागले. एक मुलगी रडायच्या बेतात आली. तेव्हा मेघाली काचपट्टीवर वाकली आणि दोन टक्क्यांवर काहीतरी म्हणाली. तिचे रुजले. मग शेजारणीचे. मग पूर्ण टेबलाचे. खिडकीतल्या कुंड्यांना काही झालं नाही. हे तिने मला दोनदा सांगितलं.

परीक्षक आले आणि विचारलं, काय केलंस? ती म्हणाली, "सर, सांगितलं त्यांना."

"काय सांगितलं?"

"वेळ संपत आली, म्हटलं."

ते हसले आणि तोंडी घेतली. सात प्रश्न. सातही उत्तरं तिने तोंडाने दिली.

आता काही नोंदी. परागकण प्रयोगशाळेतल्या उष्णतेने रुजले असावेत. तापमान माहीत नाही. मी विचारलंही नाही.

परत येताना मुली आमच्याच टमटममध्ये घुसल्या. बाकावर दाटीवाटी. त्यातली किंजल नावाची मुलगी म्हणाली, "ए भुताळी, सरक की जरा. सगळी जागा तुलाच?"

बाकीच्या तिघींनी मेघालीकडे पाहिलं. किंजलने जीभ चावली. तोंडातून गेलं ते तिचं तिलाच कळलं.

मेघाली म्हणाली, "सरकते. पण केसातला गजरा सांभाळ. माझ्याशी बोलतोय तो."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, हिने कालचाच घातलाय."

मग आत जो गोंधळ उडाला त्यात कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही. मला आत जागाच उरली नव्हती, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरने माझ्याकडे वळून पाहिलं.

"काका, काय झालं? एकटेच हसताय."

"काही नाही," मी म्हटलं. "प्रॅक्टिकल चांगली गेली."